पऱ्या कुठे गेला ते आधी विचारा

घर-जागा : वाचकांचे प्रश्न

या खेपेची बहुतेक पत्रं रत्नागिरीच्या पूर्वेकडची आहेत. कुवारबाव, नाचणे, मिरजोळे, खेडशी, कारवांचीवाडी. त्यात नवल नाही. शहराच्या पश्चिमेला समुद्र आणि दक्षिणेला भाट्याची खाडी, तेव्हा वाढायचं तर सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, चढूनच. त्यात रेल्वे स्टेशन तिकडे, मिऱ्या-नागपूर महामार्ग तिकडे, विमानतळही तिकडेच. जिथे लहानपणी आम्ही करवंदं काढायला जात असू तिथे आता 'वन बीएचके उपलब्ध'चे फलक लागलेत. मी वकील नव्हे. साइटवर छत्री घेऊन आयुष्य काढलेला स्थापत्य अभियंता. कोर्टकचेरीची पाळी आलेली असेल त्यांनी हे उत्तर घेऊन वकिलाकडे जावं, वकिलाऐवजी नव्हे.

प्रश्न : नाचण्याकडे आमची वडिलोपार्जित 38 गुंठे जागा आहे. सातबारा सामायिक, नावं चौदा. वडील वारले, पण माझं आणि धाकट्या बहिणीचं नाव अजून चढलेलं नाही. थोरल्या चुलतभावाने परस्पर बिल्डरशी बोलणी केलीत. 'सगळ्यांनी कुलमुखत्यारपत्रावर सह्या करा, प्रत्येकाला एकेक फ्लॅट मिळेल,' असं तो म्हणतो. दर गणपतीला हा विषय निघतो आणि पंगतीत कोणी कोणाशी बोलत नाही. आम्ही सही केली नाही तर बिल्डर आमच्यावाचून बांधू शकतो का?
— एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : ताई, बिल्डर तुमच्यावाचून बांधू शकला असता तर तुमच्या सहीसाठी थांबला नसता. नकाशा मंजुरीला घालताना मालकीचे कागद लागतात आणि सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाची संमती लागते. गरज त्याला आहे. बोलणी करताना हे डोक्यात पक्कं ठेवा.

सगळ्यात आधी वारसनोंद. वडील गेले त्या दिवशीच त्यांच्या हिश्शात तुमचा हक्क उभा राहिला, नोंद नाही म्हणून तो बुडत नाही. पण कागदावर नाव नसलं की तुम्हाला कोणी विचारत नाही, आणि 'चौदाच्या चौदा सह्या झाल्या' असं उद्या तुमच्या पाठीमागे म्हणता येतं. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि प्रतिज्ञापत्र तलाठ्याकडे द्या (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), किंवा ई-हक्क प्रणालीतून अर्ज करा. डोंबिवलीत बसून होतं. फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. भावाने हरकत घेतलीच तर घेऊ दे, निदान तुम्ही आहात हे सरकारी कागदावर येईल. मुलींच्या हक्काबद्दल कोणी 'तुमची लग्नं झाली' असलं काही बोललं तर 2005 ची हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल, एवढे दोन आकडे त्याच्यापुढे ठेवा. आणि सणाला आलेल्या बहिणींपुढे मोदकांबरोबर हक्कसोडपत्र सरकवायची जी पद्धत आपल्याकडे पडली आहे, तिला बळी पडू नका. हक्क सोडायचाच असेल तर समजून-उमजून सोडा, नोंदणीकृत दस्ताने सोडा, जेवणाच्या ताटावर सोडू नका.

आता सामायिक हिश्शाचं. चुलतभाऊ त्याचा स्वतःचा अविभक्त हिस्सा बिल्डरला विकू शकतो, त्याला तुम्ही अडवू शकत नाही. पण घेणाऱ्याच्या हाती तेवढा हिस्साच येतो, रस्त्याकडचा अमुक तुकडा येत नाही. वाटप होईपर्यंत 38 गुंठ्यांच्या कणाकणात सगळ्यांचा वाटा आहे. काही बिल्डर मुद्दाम असे दोन-तीन हिस्से स्वस्तात घेतात आणि मग आत पाय रोवून बाकीच्यांना दमवतात. यावर उपाय एकच, आधी वाटप करून घेणं. सगळे राजी असतील तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे होतं, मग भूमी अभिलेखची मोजणी आणि पोटहिस्सा. राजी नसतील तर दिवाणी दावा, आणि तो किती वर्षं चालतो हे कोकणी माणसाला मी काय सांगावं.

कुलमुखत्यारपत्राला मात्र स्पष्ट नाही म्हणा. आधी नोंदणीकृत विकसन करारनामा, मुखत्यारपत्र त्याच्या मागून, तेही परवानग्या काढण्यापुरतं. मुखत्यारपत्राच्या जोरावर झालेली 'विक्री' ही विक्रीच नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सांगितलंय. तरी आपल्याकडे अजून साध्या बाँडवर जगाचे व्यवहार चालतात. करारात 'प्रत्येकाला फ्लॅट' हे वाक्य कवडीचं नाही. कोणता मजला, कोणता क्रमांक, चटई क्षेत्र किती चौरस मीटर, ताबा कोणत्या तारखेला, आणि तारीख चुकली तर काय, हे सगळं लिहून यायला हवं. जमीन गहाण ठेवून बिल्डर कर्ज काढणार का, हे विचारा. यावर तो हसून 'ते फॉर्मल असतं' म्हणाला तर करार तिथेच थांबवा.

आणखी एक गोष्ट, जी जमीनमालकांना कोणी सांगत नाही. विक्रीच्या पैशात किंवा फ्लॅटमध्ये तुमचा वाटा असेल तर महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, तुम्हालाही प्रवर्तक (प्रकल्प उभारणारा) धरतं. म्हणजे इमारत रखडली आणि गिऱ्हाइकाने तक्रार केली, तर बिल्डरच्या नावाखाली तुमचंही नाव असू शकतं. तेव्हा कराराचा मसुदा बिल्डरच्या वकिलाकडून आलेला असला तरी वाचायला वकील तुमचा हवा.

जाता जाता : सातबाऱ्यावर 'इतर हक्क' वाचलंत का? कोकणात तिथे पन्नास वर्षांपूर्वीच्या कुळाचं नाव निघतं आणि सगळा बेत कोसळतो. जमीन भोगवटादार वर्ग-2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल तर गोष्ट आणखीनच वेगळी. बिल्डरने हे पाहिलेलं असतं, घरच्यांनीच पाहिलेलं नसतं.

प्रश्न : काका, कुवारबावच्या पुढे एका शेतजमिनीत चुना मारून दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडलेत. एजंट म्हणतो, 'खरेदीखत आत्ता होणार नाही, साठेकरार करू, आणि घर बांधलंत की ग्रामपंचायतीत नोंद करून देतो, घरपट्टी सुरू झाली की तुम्ही मालक.' भाव परवडतोय. घेऊ का?
— एक तरुण वाचक, रत्नागिरी

उत्तर : नको घेऊस.

परवडतोय तो याच कारणाने परवडतोय. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे. 2023 च्या अधिसूचनेनंतर आपल्या जिल्ह्यात जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे हे किमान प्रमाणक्षेत्र आहे. त्याहून लहान शेतीचा तुकडा खरेदीखताने तुझ्या नावावर होत नाही, म्हणून तर एजंट 'खरेदीखत आत्ता होणार नाही' म्हणतो. तो खोटं बोलत नाहीये बघ, फक्त अर्धंच बोलतोय. शिवाय तू शेतकरी नसशील तर बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ न देणारं कुळकायद्याचं कलम 63 आहेच.

घरपट्टी भरल्याने कोणी मालक होत नाही. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा कर आकारणीसाठी असतो, तिथे कच्च्या झोपडीचीही नोंद होते. गावठाणाबाहेर प्रादेशिक योजनेच्या हद्दीत बांधायचं तर नगररचनेच्या नियमातून परवानगी लागते. सरपंचाच्या सहीचा कागद लागतोच, पण तेवढ्यावर भागत नाही. घरासाठी बँकेकडे कर्जाला गेलास की बँकेचा वकील पहिल्याच दिवशी फाइल परत करील, ही सगळ्यात स्वस्तातली चाचणी. प्लॉट आवडला तर पैसे देण्याआधी बँकेत जा, कर्ज नको असलं तरी जा.

तुला 'पण 2025 साली सरकारने गुंठेवारी मोकळी केली ना' असं कोणीतरी ऐकवेल. केली, पण ती 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळात होऊन गेलेल्या व्यवहारांसाठी, आणि तीही नागरी किंवा नियोजित बिगरशेती वापराच्या क्षेत्रापुरती. आज चुना मारलेल्या शेताला त्याचा काही उपयोग नाही.

मंजूर रेखांकनातला प्लॉट महाग पडतो, कारण त्यात रस्त्याची जमीन गेलेली असते, 0.4 हेक्टरच्या वरच्या रेखांकनात 10 टक्के मोकळी जागा सोडलेली असते, आणि प्रत्येक प्लॉटला स्वतःचा क्रमांक असतो. मंजुरीच्या आदेशाची आणि शिक्क्याच्या नकाशाची प्रत माग. 500 चौरस मीटरच्या वरच्या जमिनीवर प्लॉट पाडून विकत असतील तर महारेराची नोंदणीही हवी. जाहिरातीत क्यूआर कोड असतो, फोनने बघ. त्यात दिसणारा नकाशा आणि एजंटच्या हातातला नकाशा एकच आहे का, हेही बघ. नसतो पुष्कळदा.

प्रश्न : खेडशीकडच्या एका प्रकल्पात आम्ही नवराबायको फ्लॅट बघतोय. एजंट म्हणतो, 'आत्ता पावसात येऊ नका, चिखल आहे, दिवाळीनंतर सगळं छान दिसेल.' पावसातच यायची घाई करावी का? आणि बुकिंगला आगाऊ रक्कम किती द्यावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : जुलैतच या. छत्री नको, रेनकोट घाला, दोन्ही हात मोकळे हवेत.

तुम्ही घाटावरचे, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. दिवाळीनंतर इथली कुठलीही जमीन छानच दिसते. पावसात मात्र जमीन स्वतःचं सगळं सांगून टाकते.

आमच्या सड्याचा वरचा थर जांभ्याचा. तो कडक असला तरी त्याला भोकं नि भेगा असतात, पाणी झरझर आत उतरतं. त्याच्या खाली मऊ, पांढरट-पिवळसर चिकण माती. तिथे पाणी अडतं, आडवं चालू लागतं आणि उताराच्या पोटातून झरा होऊन बाहेर येतं. उतार जसाच्या तसा राहिला तर हे शेकडो वर्षं नीट चालतं. बिल्डर काय करतो, तर इमारतीला सपाट जागा हवी म्हणून डोंगराच्या बाजूने उभा काप घेतो आणि निघालेली माती खालच्या अंगाला लोटतो. म्हणजे वरच्या बाजूला ती चिकण माती उघडी पडते आणि खालच्या बाजूला भराव होतो. जेसीबीला हे दोन दिवसांचं काम.

आता प्रकल्पाच्या जागी गेलात की सॅम्पल फ्लॅटकडे वळू नका, मागच्या बाजूला जा. काप दिसेल. तो वरून खाली लाल आहे की लाल रंग संपून खाली फिकट पट्टा सुरू होतो? त्या दोन रंगांच्या सांध्यावर पाणी पाझरताना दिसतंय का? सांध्याखाली मातीचे ओलसर गठ्ठे सुटून पडलेत का? पुढे संरक्षक भिंत बांधली असेल तर तिला पाणी निघायची भोकं आहेत का, आणि या क्षणी पाऊस चालू असताना त्यांतून पाणी येतंय का? भोकं आहेत पण कोरडी ठणठणीत, आणि भिंतीच्या डोक्यावरून पाणी ओघळतंय, असं असेल तर भिंतीमागे दगडगोट्यांची गाळणी भरलेलीच नाही. भोकं पाइपचे तुकडे टाकून शोभेला ठेवलीत. पाण्याने फुगलेली माती अशा भिंतीला एखाद्या पावसाळ्यात पुढे ढकलते.

मग खालच्या अंगाला या. पार्किंगची फरशी, कंपाउंडची भिंत आणि गटार जिथे भरावावर आहेत तिथे पहिल्या पावसातच तडे जातात. बिल्डर सांगेल, 'ते बसतं थोडं.' बरोबर आहे, बसतं. प्रश्न इतकाच की इमारतीचे खांब मूळ जमिनीवर टेकलेत की तेही भरावावर. पायाचा नकाशा आणि मातीपरीक्षणाचा अहवाल मागा. महारेराकडे नोंदणी झालेल्या प्रकल्पाच्या अभियंत्याला हे अहवाल नवीन नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पऱ्या. पऱ्या म्हणजे आमच्याकडचा पावसाळी ओढा, उन्हाळ्यात दिसतही नाही. शेजारच्या जुन्या घरातल्या कुणा आजोबांना विचारा, 'इथला पऱ्या कुठून जायचा?' ते हाताने दाखवतील. त्या हाताच्या रेषेत आज बी विंग उभी असेल, तर पऱ्याचं काय केलं ते बिल्डरला विचारा. दीड फुटी पाइप घालून वळवला असेल तर तो पाइप पहिल्या पानगळीने तुंबतो आणि पाणी आपल्या जुन्या वाटेने, म्हणजे तुमच्या जिन्याखालून, जातं. गावनकाशात ओढे दाखवलेले असतात, भूमी अभिलेख कार्यालयात नक्कल मिळते. आजोबा आणि गावनकाशा यांचं एकमत झालं की तिसऱ्या कोणाला विचारायची गरज नाही.

चिपळूणचा 22 जुलै 2021 चा पूर आठवा. तिथे वाशिष्ठी नदीला निळी आणि लाल पूररेषा आखलेली आहे, इथे सड्यावर कोणी रेषा आखत नाही. आपल्यालाच आखावी लागते.

आगाऊ रकमेबद्दल शेवटी विचारलंयत. नोंदणीकृत कराराआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, रेरा कायद्याचं कलम 13. 'बुकिंगला निम्मे द्या, भाव कमी करतो' म्हणणाऱ्याला चहा पिऊन नमस्कार करा.

प्रश्न : शाळेतून निवृत्त झाल्यावर गावच्या घरी राहतो. शेजारच्या परड्यात तीन मजली इमारत झाली. त्यांचा शोषखड्डा माझ्या विहिरीपासून जेमतेम तीसेक फुटांवर आहे. गेल्या पावसाळ्यापासून विहिरीच्या पाण्याला वास येतो. ग्रामपंचायतीने टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायला सांगितली. ती टाकली की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच.
— एक निवृत्त शिक्षक, मिरजोळे परिसर

उत्तर : गुरुजी, शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत किमान 18 मीटर अंतर हवं, हा बांधकाम नियमावलीतला जुना आणि साधा नियम आहे. म्हणजे साठ फूट. तुमच्याकडे निम्मंच आहे. शिवाय फटी-भेगांच्या खडकात शोषखड्ड्याची पद्धत वापरू नये असंही मानकात म्हटलंय, कारण मातीतून गाळत जाणारं पाणी तिथे न गाळता सरळ पळतं. आपला जांभा म्हणजे भेगाच भेगा. तेव्हा 18 मीटर हे आपल्याकडे कमीत कमी समजायचं, पुरेसं नव्हे.

पावडरीने जंतू मरतात, झिरपणं थांबत नाही. आधी पाणी तपासून घ्या. आरोग्य उपकेंद्रात छोट्या बाटलीची चाचणी असते. त्यात पाणी घालून ठेवलं आणि काळं पडलं तर मैल्याचे जंतू असण्याची शक्यता. पण भांडायला तो पुरावा कमी पडतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेच्या तपासणीचा लेखी अहवाल घ्या. नमुना त्यांच्याच माणसाकडून काढून घ्या, नाहीतर समोरचा म्हणेल मास्तरांनी बादलीत कालवून नेलं.

मग अंतर मोजून, अहवाल जोडून लेखी अर्ज करा, एक ग्रामपंचायतीला आणि एक इमारतीला परवानगी देणाऱ्या कार्यालयाला. तोंडी सांगणं आता पुरे. मंजूर नकाशात शोषखड्डा कुठे दाखवलाय याची प्रत माहिती अधिकारात मागा. माझा अनुभव असा की नकाशात तो तुमच्या विहिरीपासून दूर, पलीकडच्या कोपऱ्यात असतो आणि प्रत्यक्षात जिथे जेसीबी वळायला सोपा तिथे खणलेला असतो. नकाशा आणि जागा यांत फरक निघाला की अर्धी लढाई जिंकलात. विहिरीवर वाडीतली आणखी घरं पाणी भरत असतील तर त्यांच्याही सह्या घ्या. सार्वजनिक उपद्रवासाठी प्रांताधिकाऱ्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली जाता येतं.

तोवर ते पाणी पिऊ नका. उकळूनही नको, भांडी घासायलाही नको.

इमारतीतल्या लोकांशी मात्र वैर धरू नका, त्यांनाही फसवलंय. त्यांची सोसायटी झाली असेल तर अध्यक्षांना घरी बोलवा, अहवाल दाखवा. बंदिस्त टाकी करून मैला टँकरने उपसायचा किंवा छोटं प्रक्रिया यंत्र बसवायचं, हे दोन मार्ग आहेत आणि खर्च वाटून घेता येतो.

प्रश्न : समुद्रापासून जवळच्या इमारतीत तीन वर्षांपूर्वी ताबा घेतला. पार्किंगच्या छताला तांबूस रेघा उमटल्यात, एके ठिकाणी पोपडा पडून सळई दिसते. बिल्डर म्हणतो, 'समुद्राची हवा आहे, चालायचंच.'
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : समुद्राची हवा बांधायच्या आधीपासून होती. आयएस 456 या मानकात किनाऱ्याच्या उघड्या हवेतल्या बांधकामाला किमान एम-30 दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटरचं आवरण सांगितलंय. खाऱ्या फवाऱ्याच्या टप्प्यात त्याहून कडक. पोपडा पडलाय तिथे पट्टी लावा. सळई पृष्ठभागापासून किती आत आहे? बोटाच्या एका पेराहून कमी भरली तर प्रकरण हवेचं नाही, खाली ठोकळे न ठेवता सळई सोडून दिल्याचं आहे. त्या रेघा एकमेकींना समांतर, ठरावीक अंतरावर असतील तर त्या गळतीच्या नव्हेत, सळईच्या गंजाच्या आहेत. काठीने छत ठोकून पाहा, पोकळ आवाज येईल तेवढा भाग सुटलेला. दुसरा संशय वाळूचा. खाडीची वाळू गोड्या पाण्याने न धुता वापरली की मीठ काँक्रीटच्या आतच जाऊन बसतं, मग वरून कितीही रंग लावा.

ताब्यापासून 5 वर्षांत रचनेत, कारागिरीत, दर्जात दोष निघाला तर प्रवर्तकाने 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा, हे रेराच्या कलम 14 मध्ये आहे. तुमची तीन गेली, दोन उरलीत. लेखी नोटीस आजच द्या, फोटो तारखेसह, सोसायटीच्या नावाने. आणि बिल्डर सिमेंटचा गिलावा मारून बुजवायला आला तर मारू देऊ नका. गंज खरवडून, सळईला लेप देऊन, योग्य मिश्रणाने भरायचं काम आहे ते, स्ट्रक्चरल ऑडिटरच्या सांगण्यावरून.

प्रश्न : खाडीलगत चार गुंठे एनए जागा मिळतेय. एनए आहे म्हणजे बांधायला हरकत नाही ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हरकत असू शकते. बिगरशेती (एनए) परवानगी वेगळी आणि सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे निर्बंध, वेगळे. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात भरतीच्या खाडीलगत 50 मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यांत जे कमी तेवढं अंतर ना-विकास क्षेत्र. समुद्रकिनाऱ्यावर सर्वसाधारण 200 मीटर. हे अंतर भरतीरेषेपासून मोजायचं, आणि भरतीरेषा म्हणजे तुम्ही उभे राहिलात तिथे ओली झालेली वाळू नव्हे, मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावरची रेघ. तुमच्या गट नंबरावर ती रेघ टाकून घेतल्याशिवाय इसार देऊ नका.

प्रश्न : स्वतःचं छोटं घर बांधतोय. चिरा (जांभ्याचा कापलेला दगड) घ्यावा की सिमेंटचे ब्लॉक? गवंडी ब्लॉकच सांगतो.
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : गवंडी ब्लॉक सांगतो कारण ब्लॉक एकाच मापाचा, हलका, दिवसाला जास्त भिंत चढते. त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. तळमजल्याचं, कौलारू किंवा एक स्लॅबचं घर असेल आणि चांगली खाण जवळ असेल, तर मी चिराच घेईन. भिंत जाड होते, दुपारी आत गारवा राहतो. बहुमजली सांगाड्यात मात्र ब्लॉकच बरा, चिऱ्याचं वजन तुळयांना फुकट उचलायला लावू नये.

चिरा घेताना खाणीवर स्वतः जा. ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवा-ऊन लागलं की कडक होतो. ब्रिटिश पाहणीकार फ्रान्सिस बुखाननने 1807 साली मलबारातल्या दगडाबद्दल लिहून ठेवलं तेही हेच. म्हणून या उन्हाळ्यात काढलेला लगेच भिंतीत घालू नका, एक पावसाळा उघड्यावर रचून ठेवा. जो या पावसात कडेला झडला तो गडग्याला (कुंपणाच्या दगडी भिंतीला) वापरा. चिऱ्यात पिवळ्या मातीचे डोळे मोठे असतील तर तो घेऊच नका, पाणी तिथून शिरतं. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून गिलावा करा, निदान चिऱ्यांमधले सांधे तरी नीट भरून घ्या. उघडा चिरा फोटोत फार सुंदर दिसतो, पण नैर्ऋत्येचा पाऊस आडवा येतो. त्या बाजूला पडवी काढलीत तर गिलाव्याचीही गरज नाही, जुन्या लोकांनी पडव्या हौसेने काढल्या नव्हत्या.

खाणीवर गेलातच तर आणखी एक करा. सड्यावर कातळात कोरलेली चित्रं, मासे, हत्ती, माणसं, चौकटी दिसल्या तर खाणवाल्याला तिथे पट्टा मारू देऊ नका आणि तहसीलदारांना कळवा. राजापूर तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे, देवी हसोळ इथली कातळशिल्पं आता युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण यादीत न आलेली याहून पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही आतापर्यंत चिरे होऊन कुणाकुणाच्या भिंतीत गेली असणार.

गवंड्याला सांगा, चिरा बसवण्याआधी भिजवून घ्यायचा. कोरडा चिरा मसाल्यातलं पाणी ओढून घेतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. तो 'घेतो घेतो' म्हणेल. पहिल्या दिवशी तुम्ही तिथे बादली घेऊन उभे राहा.